घरची मत्स्यपेटी आणि नदीचा मासा

काचेच्या पेटीत मासे पाळणे हा निव्वळ शोभेचा छंद, अशी आपली समजूत असते. पण या छंदाने माशाची एक जात वाचविली आहे.

पश्चिम मेक्सिकोतील अमेका नदीच्या खोऱ्याबाहेर कोठेही न आढळणारा, अंडी न घालता पिलांना जन्म देणारा बोटभर ‘टकिला मासा’ प्रदूषण व परक्या माशांमुळे तेथून नाहीसा झाला. उरला तो हौशी मत्स्यपालकांच्या पेट्यांत. १९९८ साली इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातून आयव्हन डिबल या मत्स्यपालकाने त्याच्या पाच जोड्या मिचोआकान येथील विद्यापीठात पोहोचविल्या. संशोधकांनी त्या दहा माशांचा वंश वाढविला, मोकळ्या तळ्यांत त्याला सराव दिला आणि पुढे सुमारे १,५०० मासे तेउचित्लान नदीत सोडले. ते तेथे रुजले.

हौशी माणसाने यातून काय घ्यावे? मासा कोणत्या पाण्यातला, याची नोंद ठेवावी. जातींचा संकर होऊ देऊ नये. पिले इतर जाणकारांना द्यावीत, म्हणजे एका पेटीत रोग शिरला तरी वंश बुडत नाही. मात्र कंटाळा आला म्हणून पेटीतले मासे नदीत कधीही सोडू नयेत. टकिला माशाचा घात करणाऱ्यांत परके मासेही होते, हे विसरून चालणार नाही.