दोन जिवांचे कपडे

घरात सून गरोदर राहिली की सगळ्यांना आनंद होतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. हिरवी साडी येते, हिरवा चुडा भरतात, ओटी भरतात. रीत चांगली आहे. पण त्याच सुनेच्या रोजच्या चोळीकडे कुणाचे लक्ष असते? पाचव्या महिन्यातच ती दाटू लागते. काखेत काचते. परकराची नाडी पोटात रुतते. सून बोलत नाही. नवे मागावे तर खर्च, म्हणून ती तशीच वावरते.

कारभाऱ्यांनो, हा पाठ बायांपुरता नाही. घरचा पैसा बहुधा तुमच्या हातात असतो. म्हणून तुम्हीही वाचा.

सांगायचे ते थोडक्यात असे. गरोदर बाईचा आणि बाळंतिणीचा कपडा सैल असावा, सुती असावा आणि पुढून उघडणारा असावा. त्यासाठी दुकान गाठावे लागत नाही. घरातलेच जुने नीट करून वापरता येते. वाचलेला पैसा मात्र त्या बाईच्या ताटात पडला पाहिजे.

कपडा दाटला तर काय होते?

गरोदरपणात बाईचे वजन साधारण १० ते १२ किलोने वाढते. पोट वाढते, तशी छातीही भरते. चोळी घट्ट असली की दम लागतो. घाम साठतो, खाज सुटते, कातडी सोलते.

बाळंतपणानंतर तर जास्तच जपावे लागते. छाती दाबली गेली की दूध आत अडते. छातीत गाठ येते. ती लाल होते, ठणकते, ताप भरतो. अशा वेळी घरगुती लेप लावून दिवस काढू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर मना करीत नाहीत तोवर बाळाला पाजणे थांबवू नका. दूध निघत राहिले की गाठ लवकर उतरते.

परकराच्या बारीक नाडीचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे ती एकाच जागी घट्ट बांधली की कंबरेला काळा वळ पडतो, कधी जखम होते. अशी जखम बरेच महिने बरी न झाल्याने पुढे कॅन्सर झालेल्या दोन म्हाताऱ्या बायांची हकिकत २०२४ साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी लिहिली आहे. असे क्वचितच होते. म्हणून भिऊ नका, पण नाडी सैल करा.

चोळी सैल कशी करावी?

एका घरातले बोलणे ऐका.

सासू : पोरी, चोळी काखेत उसवली की गं.

सून : दाटतीया, आत्याबाई. पण चार महिन्यांसाठी नवी कशाला शिवायची?

सासू : नवी नको. आण इकडं. आतली बाजू वर कर. ही बघ, कुशीला शिंप्यानं कापड राखलंय.

सून : व्हय की! तीन टिपा हायत.

सासू : अंगाकडची एक टीप उसव. पुढच्या महिन्यात दाटली की दुसरी उसवू. कडेची शेवटची टीप तेवढी ऱ्हाऊ दे.

सून : आणि मागनं ढिली झाली तर?

सासू : मग पुन्हा टीप मारायची. त्यात काय!

शिवणीच्या आत राखलेल्या या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. किती नेमका शब्द! पुढच्या गरजेसाठी आतल्या आत राखून ठेवलेली ती माया.

आता हिशोब करा. चोळीला दोन कुशी. प्रत्येक कुशीला पुढचे एक आणि मागचे एक, अशी दोन कापडे. म्हणजे माया चार ठिकाणी असते. प्रत्येक ठिकाणी पाऊण इंच सोडले, तर चार वेळा पाऊण म्हणजे ३ इंच. चोळी ३ इंचांनी सैल झाली. खर्च काही नाही. म्हणून लग्नाची चोळी शिवतानाच शिंप्याला सांगावे, "दादा, दोन्ही कुशींना इंच-इंच माया ठेवा."

माया नसेल तर काखेपासून खाली कूस उसवावी. तिथे जुन्या मऊ कापडाची दोन बोटे रुंद पट्टी जोडावी. पदराखाली ती दिसत नाही.

हूक पुढे असावेत. पाठीवर हूक असलेली चोळी बाळंतिणीच्या कामाची नाही. खालचे दोन हूक काढले, वरून पदर घेतला, की बाळाला कुठेही पाजता येते. आपल्या आज्यांची गाठीची चोळी यासाठी फार सोयीची होती. गाठ पुढे असे. अंग वाढले की गाठ सैल बांधायची, एवढेच.

गाऊन वापरत असाल तर पुढे बटणे असलेला घ्या. जुना गाऊन डोक्यातून घालायचा असेल, तर पुढे वीतभर चीर देऊन हूक लावा. शेतावर बाया लुगड्यावर धन्याचा जुना शर्ट घालतात. तोही चांगला. तो सुती असतो, सैल असतो आणि पुढून उघडतो.

नाडी आणि निऱ्या

जुन्या साडीचा काठ दोन-तीन बोटे रुंद कापा. तोच नाडी म्हणून नेफ्यात घाला. काठ मजबूत असतो आणि रुतत नाही. गाठ पोटावर नको, पोटाच्या खाली आणि एका बाजूला बांधा. नाडीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

निऱ्या घोट्याच्या वर असाव्यात. पायात अडकून बाई पडली तर दोन जिवांना धोका. चपलेला उंच टाच नको.

नायलॉनची साडी स्वस्त मिळते, लवकर वाळते. पण तिच्यात घाम जिरत नाही. चुलीजवळ तर ती फार वाईट. पेटली की वितळते आणि अंगाला चिकटते. स्वयंपाक करताना सुती नेसा आणि पदर खोचून घ्या.

एका जुन्या लुगड्यात किती लंगोट?

काही घरांत मूल जन्मण्याआधी नवे कपडे शिवत नाहीत. ती रीत मोडायची गरज नाही. बाळाला पहिले कापड जुनेच बरे. दहा वेळा धुतलेले सुती कापड मऊ असते आणि पाणी चटकन शोषते. ते आधीच धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा.

नऊवारी लुगडे ९ वार. मधला विरलेला भाग ३ वार टाकून द्या. उरले ६ वार. १ वार म्हणजे ३ फूट. म्हणून ६ वार म्हणजे १८ फूट. दोन-दोन फुटांवर कापले की ९ तुकडे झाले. पन्हा सव्वा वार असतो. प्रत्येक तुकडा पन्ह्यात मधोमध कापा. ९ दुणे १८. एका जुन्या लुगड्यात १८ लंगोट झाले.

दुसऱ्या लुगड्याची दुपटी, टोपडी आणि बाळंतिणीसाठी घड्या करा. बाळंतपणानंतर काही आठवडे अंगावरून जाते. घडी चार-सहा तासांनी बदलावी. दूध पाझरते, म्हणून चोळीच्या आत मऊ कापडाची छोटी घडी ठेवावी. ओली झाली की लगेच बदलावी. प्लॅस्टिक आत घालू नये.

या घड्या आणि लंगोट साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. लाजून दुसऱ्या कपड्याखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालू नका. दमट कापडाने रोग होतो. ऊन फुकट आहे, ते भरपूर वापरा.

पुढून उघडणाऱ्या चोळीचा मोठा गुण

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत त्याला आईचे दूध पाजावे. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे. कमी वजनाच्या बाळाला तर आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला डॉक्टर सांगतात. आईच्या अंगाची ऊब त्याचा जीव राखते. चोळी पुढून उघडत नसेल, तर हे कसे साधेल? म्हणून दवाखान्यात जाताना असाच कपडा न्या.

बाळंतिणीचे पोट आवळून बांधू नका. टाके घातले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बांधू नका.

बांगडी रुतली तर

गरोदरपणी पायावर थोडी सूज येते. पण हाताच्या बांगड्या एकाएकी रुतू लागल्या, तोंड सुजले, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती साधी सूज समजू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. तेव्हा कपडे सैल करून भागत नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठा. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो.

वाचलेला पैसा कुठे घालावा?

डोहाळजेवणाला जरीची साडी आणण्यापेक्षा दोन सुती चोळ्या आणि एक मऊ सुती साडी आणा. मान तोच राहतो आणि वस्तू रोज कामी येते. उरलेल्या पैशाची डाळ, शेंगदाणे, गूळ, अंडी, पालेभाजी आणा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्या अटींत बसणाऱ्या आईला पहिल्या खेपेला ५,००० रुपये मिळतात. दुसरी खेप मुलीची असेल तर ६,००० रुपये मिळतात. नाव नोंदवायला आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना भेटा. तो पैसा आईच्या खाण्यापिण्यासाठी आहे, हे घरातल्या सर्वांनी ध्यानात धरावे.

कपडा जुना असला तर लाज नाही. तो मळका नसावा आणि घट्ट नसावा.

प्रश्न

१. चोळीतली 'माया' म्हणजे काय? तुमच्या घरातल्या एका चोळीत किती माया आहे ते मोजा.

२. लुगड्यातले ५ वार चांगले निघाले, तर दोन-दोन फुटांचे किती तुकडे होतील? त्यांचे लंगोट किती होतील? कापड किती उरेल?

३. कोणत्या खुणा दिसल्या की लगेच दवाखान्यात जावे? त्या लिहून काढा आणि घरात वाचून दाखवा.