चेक केले, ओके

‘चेक केले, ओके’ असा शेरा मारलेली जॉब कार्डं मी फाइल करून ठेवली आहेत. गाडी मात्र एकदाही ओके नव्हती. एबीएसचा पिवळा दिवा आणि त्याच्या शेजारचं घसरणाऱ्या मोटारीचं चित्र, दोन्ही जोडीनं लागायचे आणि जोडीनंच जायचे. गगनबावड्याच्या वाटेवर पावसात लागायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख उन्हात गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी केली की विझलेले. अ‍ॅडव्हायझर डॅशबोर्डकडं बघून म्हणायचा, “मॅडम, दिवा तर नाहीये.” मी तो घरी विसरून आले असावे, अशा सुरात.

माझं माहेर तळकोकणात, त्यामुळं करूळ घाट मला नवा नाही. पण जुलैच्या धुक्यात, समोरून चिऱ्यांचा ट्रक येत असताना आणि मागं एसटी चिकटलेली असताना वळणावर हे दोन दिवे एकदम लागले की पाय ब्रेकवर आपोआप हलका होतो. ते बरोबरच आहे. दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असं नव्हे. साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बंद पडलेली असते. ओल्या रस्त्यावर करकचून दाबाल तर चाक लॉक होईल आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होणार नाही. घाटात खालच्या गिअरवर उतरा, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहा. मात्र पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर बाजूला थांबायचं आणि आधी ब्रेक ऑइलची टाकी बघायची. तिथं ‘जाऊ दे, पोचू या’ चालत नाही.

दोन दिवे एकदम का लागतात, हे अ‍ॅडव्हायझरला मी विचारलं. “दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत मॅडम, इलेक्ट्रॉनिक्स आहे ना,” असं उत्तर आलं. मी गोकुळ शिरगावला मशिन शॉप चालवते. वडिलांनी लेथवर सुरू केलं, आता सीएनसी आहेत. इलेक्ट्रॉनिक्स आहे म्हणून मला गप्प बसवणं जरा अवघड जातं. चारही चाकांजवळ एकेक सेन्सर असतो, तो चाक किती वेगानं फिरतंय ते सांगतो. एक चाक अचानक थांबलं तर एबीएस त्याचा ब्रेक क्षणभर सैल करतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरायला लागलं तर ट्रॅक्शन कंट्रोल त्याला आवरतं, नाहीतर इंजिनची ताकद कमी करतं. दोघंही त्याच चार सेन्सरांवर जगतात. एकाचा निरोप तुटला की दोन्ही दुकानं बंद, म्हणून दोन दिवे. बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये १९७८ साली आलं, आणि आपल्याकडं २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाच्या जन्माआधीपासूनचं हे तंत्र. ते मी त्याला समजावून सांगायचं, आणि वर त्यानं म्हणायचं, “पुढच्या वेळी सरांना घेऊन या, त्यांना टेक्निकल सांगतो.” सर बँकेत आहेत. त्यांना स्टेपनी कुठं असते तेही माहीत नाही.

दिव्याचे फोटो दाखवल्यावर अखेर स्कॅनर लागला. कोड आला मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा. वॉरंटी वाढवून घेतलेली होती, ती दाखवली. तर म्हणे पाण्यामुळं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, २०२१ च्या पुरात गाडी भिजली असणार. मी आरसी पुढं ठेवली. गाडी २०२२ ची. त्यानं ती नीट वाचली आणि म्हणाला, “मग चोवीसच्या.” जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती हे खरं, पण म्हणून कोल्हापुरातली प्रत्येक गाडी नदीत उभी नव्हती. पूर म्हणजे इथल्या सर्व्हिस सेंटरांना सापडलेला हुकमाचा एक्का झालाय. तुमच्यावर टाकला तर तोंडी वाद घालू नका. गाडीत पाणी शिरल्याच्या खुणा कुठं दिसल्या ते लेखी द्या, म्हणायचं. सीटच्या रेलवर गंज, कार्पेटखाली गाळ, काहीतरी दाखवावं लागेल. त्यांना मला काही दाखवता आलं नाही, तरी बिल लागलंच. नवा सेन्सर आणि मजुरी मिळून साडेतीन हजार.

पुढच्याच पावसात दिवे परत. आता निदान आणखी मोठं झालं. एबीएसचं मॉड्यूलच गेलं, पूर्ण युनिट बदलायचं, ४० हजारांच्या पुढं. हे सांगताना गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलेलं नव्हतं.

आमच्या मशिनवर एखादा प्रॉक्झिमिटी सेन्सर मध्येच दगा द्यायला लागला तर आम्ही आधी वायर हलवतो, मग कनेक्टर उघडतो, कूलंट शिरलंय का बघतो. कंट्रोलर बदलायची भाषा सगळ्यात शेवटी. तेच डोक्यात ठेवून मी गाडी शिवाजी उद्यमनगरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेली. वयस्क माणूस, बोलणं कमी. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो दिवा कधी लागतो हा नव्हता. “ताई, मागच्या चाकाला कुणी हात लावला होता का?” लावला होता. आदल्या वर्षी त्याच बाजूचं बेअरिंग आवाज करत होतं म्हणून याच सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बदललं होतं. “बरं,” म्हणाला आणि जॅक लावला.

मग त्यानं जे केलं ते कुणीही आपल्या मिस्त्रीकडून करून घ्यावं असं आहे. एबीएस वाचणारा स्कॅनर जोडून चारही चाकांचे वेग एकाच वेळी स्क्रीनवर आणले. मागची चाकं हातानं फिरवली. उजवं सरळ आकडा दाखवत होतं, डावंही दाखवत होतं. मी म्हटलं, झालं, इथंही ओके. त्यानं उत्तर दिलं नाही. पोराला डावं चाक फिरवत ठेवायला सांगितलं, आत हात घालून कनेक्टर जरा हलवला, आणि आकडा एकदम शून्य. सोडला की परत आला. मग बाटलीतून थोडं पाणी मारलं, तर शून्यावरच बसला. डॅशबोर्डवर माझे दोन्ही दिवे. इतके दिवस ज्यांनी मला वेड्यात काढलं ते दिवे असे मागितल्यासारखे लागलेले बघून मला आनंद व्हावा? झाला.

पण खरं कळलं ते पुढं. कनेक्टरवर काळी टेप होती. कंपनीच्या हार्नेसवर असते ती कापडी नव्हे, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती चकचकीत. टेप काढली तर लॉकची पट्टी मोडलेली, आतलं रबरी सील गायब, पिनांवर हिरवा थर. पाणी शिरलं की संपर्क तुटायचा, उन्हात वाळलं की जुळायचा. आणि टेप नवीन होती. तिच्यावर धूळसुद्धा धड बसलेली नव्हती. बेअरिंग बदलताना कुणीतरी लॉक मोडलं असेल, ते एक वेळ समजू शकते, हातून मोडतं. पण सेन्सर बदलायचा तर हा कनेक्टर उघडावाच लागतो. म्हणजे साडेतीन हजारांच्या कामाच्या दिवशी कुणीतरी तो उघडला, मोडकं लॉक पाहिलं, हिरव्या पिना पाहिल्या, नवा सेन्सर त्याच घाणीत खुपसला, वरून नवी टेप गुंडाळली आणि कार्डावर ओके लिहिलं. इलेक्ट्रिशियन नुसता “हं” म्हणाला. मी मात्र फोटो काढत सुटले.

तेव्हा ज्यांच्या गाडीत असे येऊन-जाऊन दिवे लागतात त्यांच्यासाठी. कोड म्हणजे निदान नव्हे. ‘मागचा डावा सेन्सर’ असा कोड आला तर तो त्या सर्किटबद्दल बोलतोय. सेन्सर, वायर, कनेक्टर, बेअरिंग यांपैकी काहीही असू शकतं. डाव्या-उजव्या बाजूचा सेन्सर सारखाच असेल तर अदलाबदल करून बघायला सांगा. कोड जागचा हलला नाही तर सेन्सरला पैसे घालू नका. नव्या गाड्यांत चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, सेन्सर तीच वाचतो. बेअरिंग उलटं बसवलं की सिग्नलच नाही, त्यात खेळ आला की वळणावर सिग्नल तुटतो. नव्या प्रकारच्या सेन्सरला मल्टिमीटरनं ओहम मोजत बसणाऱ्याला थांबवा. ती पद्धत जुन्या कॉइलवाल्यांची, नव्यात त्यातून काही कळत नाही, उलट सेन्सर जाऊ शकतो. स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल बहुतेक इंजिनचे, ‘पी’नं सुरू होणारे कोड दाखवतात. आपले कोड ‘सी’चे असतात.

स्टार्टर मारताना दिवे लागत असतील तर आधी बॅटरी तपासा. टायर वेगवेगळ्या मापाचे असतील तर तेही बघा. ऊसपट्ट्यात राहत असाल तर उंदीर.

दिवा दिसला की शेजारच्या माणसाला फोटो काढायला लावा आणि वहीत लिहा: पाऊस होता का, गाडी धुतली होती का, वळण कुठल्या बाजूला. कोड पुसण्याआधी छापून घ्या. पुसला की तुमची साक्ष गेली. जॉब कार्डावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहिलेली पाहून मगच सही करा. ‘लाइट इश्यू’ असं लिहिलं असेल तर खोडायला लावा. काढलेला जुना भाग मागून घ्या. अ‍ॅडव्हायझरशी कमी बोला, टेक्निशियनला गाडीत शेजारी बसवून चक्कर मारा. डोकं शांत ठेवा, असंही सगळे सांगतात. जमलं तर ठेवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का ते बघावं. जो लागतच नाही तो कुणीतरी मुद्दाम मारलेला असू शकतो.

माझ्या गाडीचा कनेक्टर नव्या पिना आणि सील घालून उद्यमनगरातच झाला. बिल सेन्सरच्या बिलाच्या पासंगालाही नव्हतं. भर पावसात घाट उतरून आले, दिवे लागले नाहीत. फोटो आणि सगळी कार्डं घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा तो अ‍ॅडव्हायझर रजेवर होता. मॅनेजरनं चहा मागवला, फोटो बघितले, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला मजुरीत सूट देतो म्हणाला. त्यांच्याकडं परत गाडी द्यावी म्हणून सूट! मी सेन्सरचे पैसे मागितले. ते ‘वर विचारून’ सांगणार होते. मग मी ईमेल केला, उत्तर आलं नाही तेव्हा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. कागद तयार आहेत. हेल्पलाइनवर नोंद झाल्यानंतर मॅनेजरचा फोन आला होता, “मॅडम, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला?” साडेतीन हजार एवढेसे असतील तर देऊन टाका, म्हटलं. वर विचारून सांगतो, म्हणाला.