माळ घालतेवेळी

आषाढी जवळ आली की माळ घालून घेण्यासाठी मंडळी आमच्याकडे येतात. त्यांत दरसाल दोघे-तिघे असे असतात, की ज्यांना पंढरीची ओढ मागाहून लागायची असते. आज त्यांना दारू सोडायची असते. बरोबर बायको, क्वचित म्हातारी आई. "महाराज, एवढी माळ घाला, म्हणजे सुटेल." ही श्रद्धा खोटी नव्हे. माळेने दारू सुटलेली माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. परंतु ह्या कामी आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

एक शेतकरी, चाळिशीचा. सकाळी उठून घोट घेतल्याशिवाय त्याच्या हाताचा कंप थांबत नसे. एकादशीस आम्ही त्याला माळ घातली आणि म्हणालो, "आजपासून थेंब नाही. विठोबा पाठीशी आहे." त्या भल्या माणसाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, मेलेला भाऊ दारात उभा आहे म्हणून ओरडू लागला. घरच्यांनी आम्हांस बोलावले. आम्ही काय केले? बुक्का लावला आणि उशाशी हरिपाठ म्हणत बसलो. दवाखान्यात काम करणारा शेजारचा एक मुलगा आला, त्याने पाहिले, आणि जीप आणली म्हणून तो वाचला.

मागाहून डॉक्टरांनी आम्हांस समजावले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरून चालू लागतो. ती एकाएकी बंद झाली की काही तासांतच कंप नि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावतोही. ही बाहेरची बाधा नव्हे. काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, आणि बहुतेक माणसे सुखरूप पार पडतात.

तेव्हापासून आम्ही माळ हातात घेण्याआधी विचारतो: "किती वर्षं घेतोस? सकाळी लागते का? मागं सोडली होतीस तेव्हा काय झालं? फिट आली होती का?" सकाळी लागते म्हणाला, की आधी दवाखाना. एकादशी काय, पंधरा दिवसांनी पुन्हा येते.

कोणी म्हणेल, महाराजांची श्रद्धा ढळली. पाठशाळेत आम्ही चरक थोडाफार वाचला आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात औषध तीन प्रकारचे सांगितले आहे. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, नेम, उपवास. युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार नि औषधे. सत्त्वावजय म्हणजे अहिताच्या विषयांकडून मन आवरणे. शिवाय मद्यविकारासाठी चिकित्सास्थानात मदात्यय हा स्वतंत्र अध्याय आहे. ज्यांनी मंत्र मानला त्यांनीच काढेही सांगितले; एकाने दुसऱ्याला बाट लागला नाही.

मग माळेचे काम काय? आमच्या मते, संगत. दिंडीत पहाटे उठणे, चालणे, एका पंगतीत जेवणे, रात्री कीर्तन. एकटे बसून पिण्याला जागाच नाही. खरी परीक्षा काला घेऊन घरी परतल्यावर. सायंकाळी पाय जुन्या वाटेला वळतात. त्या वेळेला गावच्या माळकऱ्यांनी त्याला हरिपाठाला हाक मारून न्यावे, "काय रे, सुटली का?" असे चारचौघांत विचारू नये. अमेरिकेत १९३५ साली ॲक्रन गावी एक शेअर दलाल नि एक शल्यवैद्य, दोघेही पिणारे, एकमेकांना सावरू लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. आपल्याकडेही त्यांच्या सभा भरतात. आपल्याहून मोठ्या शक्तीला शरण जावे आणि आजचा दिवस पाळावा, असे ते म्हणतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा, आणि डॉ. अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे औषध आहे, सोबत आहे. आम्ही लोकांना अशा ठिकाणी पाठवतो.

आता विषादाविषयी. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला कापरे भरते, तोंड कोरडे पडते, धनुष्य गळते. त्या साऱ्या अध्यायात भगवंत जेमतेम एक वाक्य बोलतात, बाकी ऐकतात. आम्ही कीर्तनकार मात्र तडक दुसऱ्या अध्यायाला हात घालतो! कुणी सांगते, "महाराज, झोप नाही, कशात मन लागत नाही," की आम्ही म्हणतो, "नाम घे, सारे मनाचे खेळ." आधी ऐकून घ्यावे. "जीव द्यावा असं मनात येतं का?" हेही सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, घरातले फवारणीचे औषध हलवावे, इस्पितळ गाठावे. सरकारचा टेली-मानस हा फोन, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. चष्मा लावून ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याची भक्ती उणी होते काय?

असो. तो शेतकरी दोन वर्षे चांगला राहिला. मग एका लग्नात घसरला, आणि माळ काढून खुंटीला लावून घरात बसला. आम्ही गेलो तर तोंड दाखवेना. "महाराज, मी बाटलो. आता कुठली माळ?" आम्ही म्हणालो, "ऊठ बाबा, आधी डॉक्टरांकडे जाऊ. माळ तोवर माझ्या खिशात राहू दे." पुढच्या एकादशीला त्याने ती मागून घेतली.