लोकरीच्या आमिषाचा रंग

समुद्रात वाढून नदीत परतणारा इंद्रधनुषी ट्राउट म्हणजेच स्टीलहेड होय. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत तो हिवाळ्यात प्रवेश करतो. गळाला बांधलेला लोकरीचा गोंडा त्याला सामन माशाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखा भासतो. शिवाय लोकरीचे तंतू दातांत अडकल्याने आमिष टाकून देण्यास त्याला विलंब लागतो.

गोंड्याचा रंग ठरविताना प्रथम पाणी पाहावे. ते उथळ व नितळ असता फिकट गुलाबी रंगाचा लहान गोंडा पुरतो. भडक रंगाने मासा बुजण्याचा संभव असतो. पावसाने नदी हिरवट, गढूळ झाली असता मोठा नारिंगी वा पोपटी गोंडा बांधावा. पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो, त्यामुळे साधा तांबडा रंग खोलवर काळपट दिसतो. अनुदीप्त नारिंगी रंग मात्र हिरवा-निळा प्रकाश शोषून तो नारिंगी रूपात बाहेर टाकतो, म्हणून उठून दिसतो.

या रंगाला नदीत जन्मलेले मासेही भुलतात. वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड परिसरातील स्टीलहेडला २००७ साली कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. यास्तव असा मासा गळाला लागल्यास तो पाण्यातच सोडवून जाऊ द्यावा.