‘परम’चा प्रोसेसर

अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी १९४६ साली जन्मलेले डॉ. विजय भटकर यांचे नाव आपण वऱ्हाडी मंडळी अभिमानाने घेतो. परंतु त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक जुळविला तेव्हा त्यात कोणता प्रोसेसर घातला व तोच का, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. वास्तविक हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखा आहे.

हवा होता तो शक्तिशाली क्रे संगणक अमेरिकेने दिला नाही. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. मुदत तीन वर्षे आणि पैसा सुमारे तीस कोटी रुपये. एवढ्यात अतिवेगवान असा एकच प्रोसेसर घडविणे शक्य नव्हते. तेव्हा बाजारात मिळणारे प्रोसेसर अनेक संख्येने एकत्र जुंपावयाचे ठरले.

येथे खरी अडचण सुरू होते. कापूस वेचायला एका बाईऐवजी चौसष्ट बाया लावल्या तर शेत चौसष्टपट लवकर मोकळे होईल काय? वेचणी वाटता येते. पण संध्याकाळी मोजायचा काटा एकच, आणि तेथे सगळ्याजणी ओझी घेऊन ताटकळतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच हिशेबाने मांडले. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर ६४ प्रोसेसर लावूनही वेग नऊपट होत नाही. हजार लावले तरी दहापटीच्या आतच! नुसती संख्या वाढविणाऱ्यांनी (आणि यात समित्या नेमणारेही आले) हा हिशेब अवश्य पाहावा.

एका बोर्डावर पुष्कळ प्रोसेसर बसवून सर्वांना एकच स्मृती दिली, की ती स्मृती म्हणजे तो एकुलता काटा होतो. म्हणून इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर निवडला गेला. गणित करणारा भाग त्याच चिपवर होता. शिवाय शेजारच्या प्रोसेसरांशी थेट बोलण्यासाठी चार दुवे चिपमधूनच काढलेले होते. प्रत्येकाला स्वतःची स्मृती मिळाली आणि निरोप दुव्यांवरून जाऊ लागले. असे ६४ ट्रान्सप्युटर जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

पण निवड एकदा करून भागत नाही. ट्रान्सप्युटर बोलण्यात तरबेज, गणितात मात्र लवकरच मागे पडला. परम ८६०० मध्ये गणितासाठी इंटेलचा आय-८६० घेतला व निरोपांचे काम ट्रान्सप्युटरकडेच ठेवले. इनमॉसचा पुढचा टी-९००० तर लांबतच गेला. एकाच कंपनीच्या भरवशावर राहिल्यास काय होते, ते दिसले. माझ्या मते सी-डॅकचे खरे शहाणपण यापुढचे आहे. १९९४ च्या परम ९००० ची मांडणीच अशी केली, की सांगाडा तोच ठेवून प्रोसेसर बदलता यावा. त्यात सुपरस्पार्क बसविले. आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये त्याच घराण्यातले अल्ट्रास्पार्क आले.