खिशातला घडीचा चाकू : कोणता घ्यायचा, कसा वापरायचा आणि कायदा काय सांगतो



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत आपण जाळी दुरुस्त करतो, नावेची डागडुजी करतो, इंजिन खोलून साफ करतो. चाकूकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून आजचा पाठ चाकूवर. मासे कापायचा मोठा सुरा नव्हे, रोज खिशात राहणारा छोटा, स्वस्त, घडीचा चाकू.

चाकू कशाला लागतो?

दोराचं टोक कापणं, जाळ्यातली काडी काढणं, बर्फाची गोणी उघडणं ही रोजची कामं आहेतच. पण खरं कारण वेगळं आहे. जाळं सोडताना पायात फास बसतो. जाळ्याला बांधलेला दगड खाली जात असतो, नाव पुढे जात असते, आणि माणूस दोघांच्या मध्ये ओढला जातो. शर्टाचं बटण किंवा हातातलं कडं अडकलं तरी तेच. तंगूस हाताने तुटत नाही, उलट जितकं ओढाल तितकं मांसात रुततं. अशा वेळी हातात फार थोडा वेळ असतो.

दुसरी वेळ धरणाच्या पाण्याची. आपल्या देवास जिल्ह्यात धाराजीला ७ एप्रिल २००५ च्या रात्री इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी अचानक चढलं आणि अमावास्येच्या स्नानाला आलेल्या साठच्या वर माणसांचा जीव गेला. नर्मदेचं पाणी किती झटकन चढतं हे त्या रात्रीने दाखवलं. काठाला बांधलेल्या नावेचा दोर ताणला गेला की गाठ सुटत नाही, कापावीच लागते.

घेताना काय बघायचं?

१) पातं अडीच ते तीन इंच पुरे. दोर आणि जाळं कापायला याहून मोठं लागत नाही.

२) लॉक हवंच. उघडल्यावर पातं पक्कं बसलं पाहिजे, नाहीतर जोर लावताना ते आपल्याच बोटांवर मिटतं. दुकानातच तपासा. चाकू उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा, आणि पात्याची पाठ काउंटरवर हळूच दाबा. पातं मिटलं किंवा हललं तर तो चाकू घेऊ नका.

३) पोलाद स्टेनलेस घ्या. पोलादात क्रोमियम साधारण १०.५ टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर त्याला स्टेनलेस म्हणतात. साध्या पोलादाला धार छान लागते, पण आपल्या ओल्या कामात ते लगेच गंजतं.

४) मूठ प्लास्टिकची किंवा रबराची बरी. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा साधा चाकू बनतो. पातं अडकवायची फिरती कडी त्याला १९५५ मध्ये आली. शेतकऱ्यांचा स्वस्त चाकू म्हणून तो जगभर गेला. म्हणजे चांगला चाकू महागच असतो असं नाही. पण लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आत अडकतं. आपल्याला ते परवडणार नाही.

५) टोक बोथट असलं तर उत्तम. डुलत्या नावेत टोकदार चाकू स्वतःलाच लागतो. जहाजावरचे खलाशी म्हणूनच सरळ धारेचा, बोथट टोकाचा चाकू पसंत करायचे.

६) अर्धी धार दातेरी असेल तर नायलॉनचा जाड दोर पटकन कापला जातो. मात्र दातेरी भागाला घरच्या दगडावर धार लावणं अवघड जातं.

७) मुठीला दोरी ओवायला भोक हवं. दोरी कमरेला बांधा, नाहीतर चाकू पहिल्याच दिवशी तळाला जाईल.

घडीचा एकटा पुरत नाही

घडीचा चाकू ओल्या, गारठलेल्या हाताने उघडायला वेळ लागतो. म्हणून नावेत एक न मिटणारा छोटा चाकूही म्यानात घालून पक्का बसवा. जागा अशी निवडा की नाव वल्हवणाऱ्याला आणि जाळं सोडणाऱ्याला, दोघांनाही हात पोचेल. पण माणूस पाण्यात पडला की नावेतला चाकू नावेतच राहतो. तेव्हा कामाला येतो तो खिशातला. म्हणून दोन्ही हवेत. आणि लाइफ जॅकेट या दोन्हींच्या आधी.

अडकल्यावर काय करायचं?

आधी इंजिन बंद. पाय झाडू नका, फास आणखी आवळतो. ताणलेला दोर पायापासून लांब, जिथे तो सरळ ताठ आहे तिथे कापा. कातडी आणि दोर यांच्यामध्ये पातं घालायचा प्रयत्न करू नका. धार नेहमी शरीरापासून बाहेरच्या बाजूला. जाळ्याच्या पैशाचा विचार त्या क्षणी नको. जाळं पुन्हा विणता येतं.

काठावर बसून जुन्या जाळ्याच्या तुकड्यावर याचा सराव करा. एका हाताने, नंतर डाव्या हाताने, मग डोळे मिटून चाकू खिशातून काढून बघा. उघडायच्या वेळी मात्र डोळे उघडे ठेवा.

कायदा काय सांगतो?

हे तरुण पोरांनी नीट वाचावं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला परवाना लागतो. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत. पण आपल्या मध्य प्रदेशात १९७४ ची वेगळी अधिसूचना आहे. तिच्यानुसार सार्वजनिक जागी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगता येत नाही, आणि बटण दाबून उघडणारा चाकू तर कुठल्याच मापाचा चालत नाही. शिक्षा तुरुंगाची आहे.

उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा बटनवाला चाकू सिनेमामुळे पोरांना भारी वाटतो. तो घेऊ नका. नखाने किंवा अंगठ्याने उघडणारा साधा चाकू घ्या. कामावर जाता-येता सोबत सोसायटीचं ओळखपत्र ठेवा. लग्नात, जत्रेत, निवडणुकीच्या गर्दीत चाकू नेऊ नका. मासे कापायचा मोठा सुरा बाजारात नेताना गुंडाळून, सामानाच्या खोक्यात ठेवा.

निगा

रोज गोड्या पाण्याने धुवा, सांध्यातली खवली आणि चिकट काढा, कोरडा करा. आठवड्याला सांध्यात तेलाचा एक थेंब. त्याच चाकूने मासा कापत असाल तर खोबरेल वापरा. धार लावताना पातं दगडावर साधारण २० अंशांत धरा. सोपा हिशेब असा : पातं आधी उभं धरा, मग निम्मं झुकवा, मग पुन्हा निम्मं. दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासा. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो. म्हणजे बोथट चाकूच जास्त घातक.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक नाव-मालकाने एवढं बघावं : नावेत जेवढी माणसं, तेवढे चाकू. सगळे धारेचे, सगळे दोरीने बांधलेले. आणि घरच्या बायका जाळं ओढायला येत असतील तर त्यांच्याही कमरेला एक.