फिरते, पण सुरू होत नाही : विहिरीवरील डिझेल इंजिनाची तपासणी

पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हास मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळचे पाणी चुकले, तर पुढे दिलेल्या पाण्याने ती उणीव पुरती भरून निघत नाही. नेमक्या अशाच वेळी विहिरीवरील जुने डिझेल इंजिन अडून बसते. हँडल मारले की फिरते, परंतु पेट घेत नाही. अशा प्रसंगी घाईने नोझल खोलू नये. पुढील क्रमाने तपासणी केल्यास पुष्कळसे दोष शेतावरच सापडतात.

डिझेल इंजिनास ठिणगी देणारा प्लग नसतो. दट्ट्या वर येताना सिलिंडरातील हवा दाबली जाते व त्या दाबाने ती इतकी तापते की, नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे पुरेशी हवा, योग्य वेळी उडालेले स्वच्छ डिझेल आणि भरपूर दाब या तीन गोष्टी असल्या की इंजिन चालावयासच हवे. दोष या तिहींतच शोधावयाचा.

प्रथम धुराड्याकडे पाहावे. हँडल मारताना धूर मुळीच दिसत नसेल, तर बहुधा डिझेल सिलिंडरात पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. तेव्हा दाब तपासावा.

१. डिझेल : टाकीत डिझेल आहे काय, कॉक उघडा आहे काय व इंजिन बंद करण्याची कळ मोकळी आहे काय, हे आधी पाहावे. टाकीच्या तळाशी पाणी वा गाळ असल्यास काढून टाकावा. फिल्टर तुंबला असल्यास बदलावा.

२. हवा धरणे : टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा शिरते व नंतर डिझेल भरूनही इंजिन चालत नाही. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येऊ लागली की तो आवळावा. मग पंपावरील स्क्रूचे तसेच करावे. शेवटी नोझलकडील नळीचा नट थोडा सैल करून, दाब सोडण्याची कळ उचलून इंजिन फिरवावे व डिझेल येताच नट घट्ट करावा.

३. नोझल : यानंतर इंजिन फिरवताना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसल्यास नोझल वा पंप सदोष समजून जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. उडणाऱ्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

४. दाब : कळ खाली असताना हँडल जड लागले पाहिजे. हलके लागल्यास हवेच्या वाटेने चमचाभर वंगणतेल घालून पुन्हा फिरवावे. दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास झडपा नीट बसत नाहीत किंवा गास्केट गळते.

५. हवेची वाट : हवेचा फिल्टर धुळीने भरला असल्यास स्वच्छ करावा. धुराड्यात पक्ष्यांचे घरटे वा काजळी नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

इंजिन पेटावे म्हणून हवेच्या वाटेत पेट्रोल ओतण्याची रीत घातक आहे. अवेळी पेट घेतल्याने हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते. याच कारणाने हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम इंजिनाजवळ शेतकऱ्यांच्या हातून एकदा करवून घ्यावा. डिझेल गाळून भरणे, टाकी पूर्ण रिकामी होऊ न देणे व हंगामापूर्वी इंजिन चालवून पाहणे, एवढे पाळले तरी ऐन पाळीच्या दिवशी खोळंबा होण्याचे प्रसंग पुष्कळ टळतील.